आधी बॅटरी काढ

प्रिय वन्सं,

अशी हाक मारली की तू नाक मुरडतेस, म्हणून मुद्दाम मारली. तुझा फोन आला तेव्हा मशीनच्या आवाजात धड काही बोलता आलं नाही. आणि काही गोष्टी लिहूनच सांगाव्यात असंही वाटलं. तिकडच्या प्रशिक्षण केंद्रात तू सुतारकाम शिकवतेस आणि नवी मुलंमुली निमूट ऐकतात म्हणे. इथे सख्ख्या भावाला ऐकायला लावताना तुला काय दिव्य करावं लागलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

बॅटरीवरची हत्यारं तू आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात आणलीस तेव्हा तो खूश होता. पायात वायर नाही, कुठेही न्या, भोक पाडा. पण त्यांच्या मागोमाग तुझे नियम आले आणि त्याचं डोकं उठलं. चार्जर लाकडाच्या भुशापासून लांब, फरशीच्या ओट्यावर. सुटी बॅटरी स्क्रूच्या डब्यात टाकायची नाही. कुलूप लावण्याआधी चार्जिंग बंद. पातं बदलायचं तर आधी बॅटरी काढ. मला तेव्हा वाटायचं, आपल्या वाट्याला नणंद नाही, हेडमास्तरीण आलीय.

ती फुगलेली बॅटरी आठवते? शिडीवरून आपटलेली, तरी तुझा दादा ती चार्जिंगला लावायला निघाला होता. "जरा पोट सुटलंय एवढंच, माझंही सुटलंय," म्हणाला. आम्ही सगळे हसलो, तू नाही. "तू पेट घेत नाहीस, ती घेईल," असं म्हणून तू ती त्याच्या हातातून काढून घेतलीस, टोकांना टेप लावलीस, वाळूच्या बादलीत घालून बाहेर उघड्यावर ठेवलीस आणि नंतर स्वतः जाऊन निकामी बॅटऱ्या घेतात तिथे देऊन आलीस. चालती वस्तू घालवली म्हणून तो तोंड फुगवून बसला. तू मात्र रोज सकाळी त्याला "दादा, आज कुठलं काम घ्यायचं?" असं विचारत राहिलीस. रागाला राग नाही आणि नियमात सूटही नाही. मला हे कधी जमलं नसतं.

आता परवाचं सांगते. तो बॅटरीवरच्या करवतीने कपाटाची दारं कापत होता. पातं बोथट झालं म्हणून बदलायला बसला. मी शेजारीच पॉलिश करत होते. करवत मांडीशी टेकवलेली, एका हाताची बोटं पात्यावर, दुसऱ्या हातात पाना. तेवढ्यात करवत घसरली. पडेल म्हणून त्याने पाना टाकून तिची मूठ गच्च धरली आणि चाप दाबला गेला. मला नुसता खट् असा आवाज आला. पातं जागचं हललं नाही. बॅटरी बाकावर काढून ठेवलेली होती.

त्याने करवत हळूच खाली ठेवली. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. चेहरा पांढराफटक. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "बरं झालं, लक्षात होतं." तर म्हणाला, "लक्षात कुठलं, हात आपोआप गेला. तिने इतकं डोकं खाल्लंय..." मग नळाखाली कितीतरी वेळ हात धूत उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याला ते बरं वाटलं असावं.

तिकडे तुला कायमची नोकरी देताहेत, हे तू फक्त मला सांगितलंस. निघताना तो "लवकर ये, तुझ्यावाचून कामं अडतील" म्हणाला होता, म्हणून तुला होकार देववत नाहीये, हे मला कळतं. परवा संध्याकाळीच मी त्याला सगळं सांगून टाकलं. रागावू नकोस. तर म्हणाला, "तिला लिही, राहा म्हणावं. कामाचं निमित्त मी उगाच पुढे केलं. ती गेली तर मला थांबवणार कोण, याची धास्ती होती. आता माझा हातच थांबतो, असं कळव." फोनवर हे त्याच्याच्याने होणार नाही, म्हणून पत्राचा हा खटाटोप. पत्र मिळालं की लगेच त्यांना होकार देऊन टाक.

तुझीच,
वहिनी