दोन घरांचं एक पिंप

चिरंजीव बोनाव्हेंतुरा यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे किमेताचे, पोटभर आशीर्वाद. तू रेऊसला सुखरूप असशील आणि तुझी रोझेर तुला अजून मोजूनमापूनच वाढत असेल, असं धरून चालते. इकडे मी बरी आहे. दात कमी झालेत, पण बोलायला ते लागत नाहीत. हे पत्र पेलेग्री लिहितो आहे. आपल्या सिंताचा नवरा व्हायचा आहे तो हाच. ("व्हायचा होता" असं लिहावं लागू नये म्हणून तर हा खटाटोप.) त्याच्या घराबद्दल मी जे सांगेन ते त्याने जसंच्या तसं उतरवायचं, असं ठरलं आहे. मला अक्षर येत नसलं तरी वाचून घ्यायला माझ्याकडे सिंता आहे.

आपली रीत तुला माहीतच आहे. लग्न ठरलं की दोन्ही घरांनी आपापली वाइन एका पिंपात निम्मी-निम्मी ओतायची आणि तीच लग्नाच्या पंगतीत वाढायची. आपल्या उतारावर गार्नाचाची द्राक्षं, ओढ्यापलीकडे त्यांच्या उतारावर कारिन्येनाची. आपली वाइन गोडसर, गरम, परक्यालाही मिठी मारणारी. त्यांची काळीकुट्ट, आंबट, जीभ धरून जाब विचारणारी. (पेलेग्री इथे थांबला होता. लिही रे.) खरं सांगायचं तर आपली एकटी रंग सोडते, पुढचा उन्हाळा पाहत नाही, आणि त्यांची एकटी माणसाला पुढचा उन्हाळा पाहू देत नाही. एकत्र केल्या तर मात्र चॉकलेट घातलेल्या सशाच्या रश्शाबरोबर अशा लागतात, की पाद्रीबाबा जेवणाआधीची प्रार्थना आटोपती घेतात.

पिंप भरलं, बूच बसवलं, इथवर सगळं ठीक. मग माझा लेक मासिया, म्हणजे सिंताचा बाप, दुपारी सगळी झोपल्यावर गार्नाचाची घागर घेऊन तळघरात उतरला. का, तर पंगतीत आपली चव वर राहावी. पण पिंप काठोकाठ भरलेलं. जागा करायची तर आधी घागरभर काढायला हवी, आणि काढलेली सांडणं हे पाप, म्हणून ती त्याने पोटात ठेवली. पुढच्या दुपारी व्याही एर्मेंगोल याच विचाराने, याच वाटेने. असं किती दिवस चाललं देव जाणे. आम्ही बायका म्हणत होतो, लग्नाच्या आनंदाने दोघांचे चेहरे कसे लालबुंद झालेत! शेवटी एका दुपारी दोघे पिंपापाशीच भेटले. आधी गळामिठी झाली, मग दोघांचं लक्ष दोघांच्या घागरींकडे गेलं.

"चोरा, माझ्या लेकीच्या पंगतीत व्हिनेगर वाढतोस?"

"आणि तू काय वाढतोस? बाळंतिणीचा काढा!"

आता पिंपात काय किती आहे ते कोणालाच ठाऊक नाही. दोघेही अडून बसलेत, निम्मी-निम्मी नसेल तर लग्न नाही. खारवलेल्या माशाबरोबर चाखवली, तर मासिया म्हणाला कारिन्येना जास्त. गोगलगायींबरोबर चाखवली, तर एर्मेंगोल म्हणाला गार्नाचा जास्त. पाद्रीबाबांनी तर तीन पेले घेतले आणि देवाने दोन्ही घरांना भरभरून दिलंय म्हणाले. (त्यांना वाइन दोन्ही घरांतून जाते.) सिंता माझ्यासमोर बसून रश्शासाठी बदाम कुटते आहे. खलातले बदाम केव्हाच संपलेत, तरी कुटते आहे.

म्हणून मी तुझं नाव सुचवलं. रेऊसच्या वखारीत उभा जन्म वाइन चाखण्यात गेलेला माणूस; तू बोलशील ते दोघांनाही कबूल आहे. रविवारी ये.

तुझी,
किमेता

ता. क. रोझेरने कळवलंय की हिवाळ्यातल्या तापापासून तुला ना वास येतो, ना चव कळते. परवा म्हणे तू कॉफी समजून मसुराचं पाणी प्यालास. ऐकून फार वाईट वाटलं. त्याच दिवशी तुझं नाव सुचवलं. पेला उजेडात धर, डोळे मीट, लोक अस्वस्थ होईपर्यंत थांब आणि "निम्मी-निम्मी" म्हण. एवढा मजकूर पेलेग्रीने न सांगता सुवाच्य अक्षरात काढला आहे.

आणखी एक. देव तुझं नाक लवकर बरं करो. पण रविवारनंतर.