शिंदी उतरल्यावर

माय,

वैजापूरकडच्या आपल्या घरी चुलीपुढं बसून तू एकदा जे बोललीस, ते आज सारखं कानात येतंय. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आपल्या सालगड्यानं शिंदी पिऊन मेंढरं राखणाऱ्याच्या सुनेवर हात टाकला होता. सकाळी बाबांनी ओसरीवर त्याला चार माणसांत शिंदी सोडल्याची शपथ घ्यायला लावली. तो ढसाढसा रडला. "पोरगं गुणाचं हाय, शिंदीनं घात केला," म्हणत माणसं उठली. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "शुद्ध नव्हती व्हय? मंग मालकाच्या दाराला कसा नाय आला? बरं मेंढक्याचंच दार घावलं, ते बी नवरा रानात असताना!" बाबा केवढ्यानं ओरडले. तू भाकरी उलटलीस, बस्स.

आता म्हातारपणी मी दर गुरुवारी गुलमंडीवरून रिक्षानं तुरुंगात जातो. बायकांवर अत्याचार केलेले, दारू-गांज्यात बुडालेले लोक तिथं व्यसन सोडायला बसतात. मी त्यांना शाळेतल्या कविता म्हणायला लावतो. एक जण कविता अशी म्हणतो, माय, की डोळे मिटले की मी पुन्हा वर्गातल्या बाकावर असतो. दारू पिऊन गल्लीतल्या एका बाईच्या घरात घुसला, म्हणून तो आत आलेला. पण त्या गळ्यावरूनच मी त्याला भला माणूस ठरवलं. परवा तुरुंगाचे साहेब म्हणाले, त्याला लवकर सोडायचं चाललंय, तुमचं मत सांगा. मी होच म्हणणार होतो. सांगायच्या आधी त्याला भेटलो, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, दारू सुटली, गांजा सुटला. आता माझ्यात खोट काय राहिली?" माझ्या तोंडून तुझाच सवाल गेला, "शुद्ध नव्हती, तर शेजारच्या हवालदाराच्या घरात का नाही घुसलास?"

"तंगडी मोडली असती की सर त्यानं!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तो हसला नाही. खाली बघत बोलला, "ती घरी एकटी हाय, ठाऊक व्हतं. पिल्याबिगर हिंमत होत नव्हती."

म्हणजे मनात आधी ते, बाटली नंतर. बाबांनी शिंदीला शिक्षा केली, माणसाला नाही. आणि मीही वर्षभर तेच करत आलो. साहेबांना म्हणालो, "व्यसन सुटलंय, एवढंच सांगू शकतो. माणूस सुधारला असं मी म्हणणार नाही." मग विचारलं, ती बाई अजून त्याच गल्लीत राहते का? त्यांना माहीत नव्हतं. मी तरी कधी विचारलं होतं!

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढंही कबूल करतो. त्याचा आवाज मला अजून गोड लागतो.