बरोबर बारा मिलिमीटर

प्रिय ठिपके,

परवा मी एका विद्यार्थिनीचा हात फोडला. आडवळणाने सांगायला गेलो असतो तर तू दुसऱ्या ओळीलाच पत्र फाडलं असतंस, म्हणून आधी तेच सांगितलं. स्टीलच्या पट्टीच्या धारेने मनगटावर मारलं. तिच्या त्या हातात कटर होता, तो दुसऱ्या तळव्यात घुसला. अंगठ्याच्या मुळाशी सात टाके पडले. टेबलावरचा पांढरा कागद लाल होत गेला आणि वर्गातली एकतीस पोरं माझ्याकडे बघत राहिली. उद्या दहा वाजता चौकशी समिती बसणार आहे. त्यांना माझं एका पानाचं निवेदन हवंय. खरं लिहिलं तर नोकरी जाईल.

मी पहिल्या वर्षाला डिझाइनची मुळाक्षरं शिकवतो. ठिपका, रेषा, आकार, पोत, तोल, विरोध, मोकळी जागा. नावं भारदस्त असली तरी माल सगळा बाबांच्या बोर्ड रंगवायच्या दुकानातलाच, तू एका नजरेत ओळखशील. फक्त शिकवायची पद्धत वेगळी. तोल म्हणजे काय ते बाबांनी मला दोन्ही हातांत रंगाचे भरलेले डबे देऊन शिकवलं, डबा कलला की पोटरीवर पट्टी. पिवळ्यावर पांढरं अक्षर लिहिलं तेव्हा माझं डोकं त्याच ओल्या बोर्डावर आपटलं, का तर विरोध कळत नाही म्हणून. आई तीन दिवस माझ्या केसांतला पिवळा रंग टर्पेंटाइनने काढत होती आणि तू शेजारी बसून मला सूर्यफूल म्हणत होतीस. मला हसू आलं म्हणून पुन्हा मार बसला, तोही दोघांना.

वर्गात मी पोरांना सांगतो, एका वर्तुळातून दहा मिनिटांत वीस गोष्टी काढा. वाईट सुचलं तरी काढा, खोडरबर दप्तरात. पहिल्या दहा कल्पना सगळ्यांच्या सारख्याच असतात, त्या बाहेर पडल्याशिवाय तुमची स्वतःची अकरावी येत नाही. आणि घाबरू नका, भीतीने डोकं बंद पडतं. पोरं हे वहीत उतरवून घेतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

परवा अक्षरं कापून चिकटवायचा सराव होता. ही मुलगी हुशार, हात स्वच्छ, पण तोंडाळ. तुझ्यासारखीच. तिने सगळ्या अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजून एकसारखं ठेवलं होतं. तुला वेगळं काय सांगायचं, गोल अक्षराशेजारी सरळ अक्षर आलं की मोजलेलं अंतर डोळ्याला खोटं दिसतं. तिथे पट्टी बाजूला ठेवून नजरेने जागा कमीजास्त करायची असते. मी तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती मान वर करून म्हणाली, “सर, मोजून बघा ना. बरोबर बारा मिलिमीटर आहे.”

नवशिक्याची साधी चूक. वर्षातून दहा पोरं करतात, मी हसून पुढे जातो. पण ती मान तशी वर झाली, तो आकडा कानावर पडला आणि माझ्या तोंडून बाबांचाच शब्द निघाला, “आंधळे.” पट्टी हातात कधी आली ते आठवत नाही, असं लिहायचा मोह होतोय. आठवतं. मी ती उचलली, धार खाली केली आणि मारली. खाण तशी माती.

पंधरा वर्षांची होतीस तेव्हा औषधाच्या दुकानाचा बोर्ड तू असाच मोजून लिहिलास. दुकानदार म्हणाला, अक्षरं भांडून लांब बसल्यासारखी दिसतात. तू शिडीवरूनच बाबांना म्हणालीस, बरोबर बारा मिलिमीटर आहे. मग खाली आलीस ती मोडलेलं मनगट घेऊन. आता तू डाव्या हाताने सही करतेस, हे मला मावशीकडून कळलं. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस. लोकांनी नावं ठेवली आणि मीही त्यांच्यात मान डोलावली. लाज वाटते.

काल प्राचार्यांनी बोलावलं होतं. भला माणूस, माझ्या बाजूचा. म्हणाले, मुलगी सारखी सांगतेय की सरांनी मारलं, पण शेजारच्या मैत्रिणीने डॉक्टरांना कटर निसटला असं सांगितलंय. बाकीची पोरं गप्प आहेत. तुम्हीही तेवढंच लिहा, प्रकरण मिटेल. बाहेर ती मैत्रीण उभी होती. मी आभार मानीन अशा आशेने ती माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ कोरडे पडले होते. मला तिच्याकडे बघवेना.

कारण तो चेहरा माझा आहे, ठिपके. दवाखान्यात तू रडत नव्हतीस. डॉक्टरांना तू स्पष्ट म्हणालीस, “बाबांनी शिडीला लाथ मारली.” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी अठरा वर्षांचा होतो, बाबा दारात उभे होते. मी म्हणालो, “ती खोटं बोलतेय. पाय घसरला तिचा.” त्या दिवसापासून घरात तू खोटारडी झालीस आणि घर सोडलंस तेव्हाही तेच नाव घेऊन गेलीस. बाबांनी तुझं मनगट मोडलं. बाकीचं मी केलं. समितीचं निवेदन लिहून झालंय, त्यात पट्टी, धार, सगळं आहे. पण ते द्यायच्या आधी दुसरं एक लिहायचं राहिलं होतं, तेवीस वर्षं. तेही देतो. तिचा पाय घसरला नाही. बाबांनी शिडीला लाथ मारली. मी चार हात अंतरावर उभा होतो आणि मी बघितलं. हे पत्र तू कोणालाही दाखव.

तुझाच,
दादा