शेवटचा तीन उतरवताना

मी, निवृत्त गणित शिक्षिका, शाळेत 'त्र्याहत्तरबाई' म्हणून ओळखली गेलेली, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाविना आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. फळ्यावरचा लाकडी कंपास मुलीला. धाकट्या दिरांना एक खडू. एकच. 'एक ही मूळ संख्याच आहे' हा हेका त्यांनी उभ्या जन्मात सोडला नाही. मूळ संख्येला नेमके दोन भाजक लागतात, एक आणि ती स्वतः. एकाने दुसरा कुठून आणायचा? सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

आता घर. ते बांधले तेव्हा यजमानांनी (तेही गणिताचेच) दारावर नावाऐवजी पत्र्याचे आठ अंक स्क्रूने बसवले: ७३९३९१३३. (पहिल्या दोन अंकांवरून शाळेतल्या पोरांनी माझे नाव पाडले.) ही मूळ संख्या. शेवटचा अंक काढा, उरते तीही मूळ; असे काढत थेट सातापर्यंत या. उलट शेवटी कुठलाही अंक जोडा, मोडलीच. "म्हणून वाढीव खोली नको," असे म्हणून त्यांनी माझा माडीचा बेत हाणून पाडला. तो राग अजून आहे.

शिकवणीसाठी येणारे पालक तो आकडा फोन नंबर समजून फिरवत. नंबर होता मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंचा. त्या तणतणत आल्या, "अहो, मी बाह्या जोडते, अपूर्णांक नाही!" चहा पिऊन गेल्या, त्या येतच राहिल्या. यजमान गेले तेव्हा मी स्टुलावर चढून शेवटचा तीन उतरवला. काही दिवसांनी शिंपीणबाई धापा टाकत दारात. "तुमचे फोन यायचे बंद झाले. घरात सगळं ठीक आहे ना?" तोवर मी रडले नव्हते. मग त्यांच्या खांद्यावर पोटभर रडले.

तेव्हापासून मुलगा म्हणतो, "आई, मधे भिंत घातली की कटकट मिटली." मुलगी विचारते, "आणि न्हाणीघर कुणाच्या बाजूला?" दोघे एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. माझ्यानंतर मार्फत कोण, याचीच मला धास्ती आहे.

सबब अट अशी: माझ्यामागे दोघांनी मिळून पुढचा तीन उतरवावा. स्टूल डुगडुगते, एकाने धरल्याशिवाय दुसऱ्याला चढता येत नाही. दारावर ७३९३९१ उरेल. तिला एक आणि ती स्वतः सोडून दुसरा भाजक सापडला, तर भिंत खुशाल घाला. मात्र शोध कागद-पेन्सिलीने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून. ८५९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. भाजक सापडणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे, माझीच मुले ती. तरी बसा. वाटण्या करायची हौसच असेल, तर भागाकार वाटून घ्या.

वरील मजकूर काहीही हातचे न राखता लिहिला आहे.

सही: त्र्याहत्तरबाई
स्थळ: तेच टेबल
दिनांक: सात मार्च

साक्षीदार:
१. समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर. बाई शुद्धीत आहेत. मलाच सतराचा पाढा म्हणायला लावला.
२. शिंपीणबाई. फोन ७३९३९१३३. अजून चालू आहे. पोरांनो, कधीही लावा.