आज गुरुजी पळाले

अण्णा, आज पाटोद्याचे गुरुजी पळाले. भर बाजारात, धोतराचा सोगा हातात धरून, साठी ओलांडलेला माणूस असा पळाला की बघणाऱ्यांची तोंडं उघडी राहिली. घरी आल्यापासून हे कुणाला सांगू आणि कुणाला नको, असं झालंय मला. बायकोला दोनदा सांगून झालं. ती म्हणाली, "तिसऱ्यांदा सांगाल तर आता मीच पळंन." म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्ही असता तर चालू गिरणी बंद केली असती आणि डब्यावर बसून म्हणाला असता, "हं, पहिल्यापास्नं सांग."

तर पहिल्यापासून. हे गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, एकटे राहतात. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, मुलगा लांब पुण्याला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली म्हणून वाचले. दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला, "जाऊन बसाल का?" माझ्याकडे कसली पदवी नाही, चौसाळ्याच्या आपल्या गिरणीचा मी मालक. पण अशा दारातून परत आलेल्या माणसाजवळ दर सोमवारी, गिरणीच्या सुट्टीला, जाऊन बसायचं, हे काम आता बरीच वर्षं करतोय. मीही तिथूनच परत आलेला आहे, आणि परत आलेल्याजवळ कसं बसायचं ते मी तुमच्याकडून शिकलोय.

तुम्हालाही ते लगेच जमलं नव्हतं हं. मला दवाखान्यातून आणलं तेव्हा मी चोवीस वर्षांचा. तुम्ही गावाला सांगून टाकलं, पोरगं दिंद्रुडला मामाकडं गेलंय. आठ दिवस मी स्वयंपाकघरातल्या पडद्यामागे. आई भाकरीसुद्धा हळू थापायची, जणू आवाज झाला तर मी मोडेन. आणि नवव्या दिवशी साक्षात दिंद्रुडचे मामाच गिरणीत हजर, सहा बायांसमोर विचारतायत, "दाजी, भाचा कुठंय? लई दिवस झाले, आला न्हाई." तुमचं तोंड कसं झालं असेल याची कल्पना करून मला अजून हसू येतं. तुम्ही आत आलात, पडदा बाजूला केलात आणि म्हणालात, "ऊठ. गिरणीत चल. माझ्यानं आता खोटं बोलवंना." झालं. दुसऱ्या दिवसापासून मी गिरणीच्या दारात, उपड्या डब्यावर, सगळ्या गावासमोर.

येणारी प्रत्येक बाई दळण खाली ठेवायची आणि विचारायची, "कावून रं बाबा, असं कावून केलंस?" काय सांगणार? कारण एक असतं तर सांगितलं असतं. नोकरी नव्हती, ठरलेलं लग्न मोडलं होतं, रात्र रात्र झोप नव्हती, पण तेवढं तर कितीकांचं असतं. तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. "मावशी, दगडाला छिन्नीनं नवी टाकी लावली की पहिलं पीठ मी तुमाला देतो का?" मावशी म्हणाली, "न्हाई बा, कचकच लागती." "मग? आधी कोंडा टाकून दळून काढावं लागतं. ह्याला बी आत्ताच टाकी लागलीय. आत्ता जे बोलंल ते कचकच करणार. काय इचारू नका. दळण ठेवा आन् बसा." त्या खरंच बसल्या. तूर महागली, जावई आला, म्हैस व्याली, असं बोलत राहिल्या, आणि मी ऐकत राहिलो. महिनाभर मला कुणी काही विचारलं नाही आणि कुणी मला टाळलंही नाही. ते केवढं मोठं होतं हे मला फार उशिरा कळलं.

मी मात्र एकदा तुम्हाला विचारलं होतं. गोळी हातात धरून, चिडून, "मला वाचवलं कशाला?" तुम्ही डबा झाकत होता. वर न बघता म्हणालात, "तुला इचारून वाचवलं न्हाई. इचाराय वेळ नव्हता. गोळी घे."

आणि मग तो पट्ट्याचा दिवस. उन्हाळ्यातली दुपार. मी दाराजवळ, तुम्ही आत दळण ओतताय, आणि मोटारीचा पट्टा धाडकन तुटला. मला कळलं तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे पानटपरीला टेकून उभा होतो, एका पायात चप्पल. मधले तीन डबे मी कसे ओलांडले हे आजही सांगता येणार नाही. मोटार बंद झाली आणि तुम्ही बाहेर आलात, नखशिखांत पांढरे, उजव्या हातानं डावा दंड धरलेला, आणि हसताय! "पळालं! आरं, माझं पोरगं पळालं!" मला वाटलं, पीठ डोक्यात गेलं यांच्या. तुम्ही पेढे मागवलेत आणि दळणाच्या प्रत्येक डब्यावर एकेक ठेवलात. एकीनं विचारलं, "पोराला नोकरी लागली का?" "न्हाई," तुम्ही म्हणालात, "पळालं." मी शरमेनं लाल. संध्याकाळी तुम्ही जवळ बसलात. "तुझं डोकं काय बी म्हणू दे, तुझे पाय मराय तयार न्हाईत. दोगांचं भांडण लागलंय. थोडे दिवस पायाचं आईक."

त्यानं मी बरा झालो असं मी कुणालाच सांगत नाही. चौथ्याच दिवशी मी तुमच्यासमोर येऊन म्हणालो, "अण्णा, आज परत तसं वाटायलंय." तुम्ही अर्धं दळण तसंच ठेवून गिरणीला कुलूप लावलंत. बायका ओरडत राहिल्या आणि आपण एसटीनं डॉक्टरांकडे. वाटेत तुम्ही एकच बोललात, "सांगितलंस ते लई चांगलं केलंस." पुढे वर्षभर मी तसं कितीतरी वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी गिरणीला कुलूप लागलं.

तर गुरुजी. आठ सोमवार मी त्यांच्या ओसरीवर बसलो. "चहा?" "नको." "बाजारात येता?" "नको." एवढंच बोलणं. मीही काही विचारलं नाही, तुमची गिरणी आठवून गप्पा मारत राहिलो, भिंतीशी मारल्यासारख्या. आज काय झालं कोण जाणे, पिशवी घेऊन उठले. भेंडी घेत होतो तेवढ्यात मागे आरडाओरडा. मोकाट वळू उधळला होता आणि सरळ आमच्याच दिशेनं! मी भेंडी हातात घेऊन जागीच थिजलो. आणि गुरुजी, जे आठ आठवडे शब्द मोजून बोलत होते, ते सोगा धरून पळत शेजारच्या टमाट्याच्या हातगाड्यावर चढलेसुद्धा. नुसते चढले नाहीत. खाली वाकले, माझी कॉलर धरली आणि चौथीच्या वर्गावर ओरडावं तसे ओरडले, "चढ बे वर! मरतो का काय!"

वळू गेला. आम्ही दोघं टमाट्यांच्या चिखलात उभे. भाजीवाला शिव्या घालतोय. मग गुरुजी एकदम हसायला लागले, हसता हसता रडायला लागले, आणि रडता रडता म्हणाले, "माझी चप्पल कुठं गेली बघ. नवीच हाय." आम्ही अर्धा तास ती चप्पल शोधली, अण्णा! गटारीच्या कडेला सापडली. त्यांनी ती नळाखाली घासून धुतली आणि घातली. भाजीवाल्याचे टमाटे आम्हीच घेतले, त्यानं पैसे मोजत बघितलं आमच्याकडे, आणि मी समोरच्या दुकानातून पेढे आणून त्याच्या हातावर पहिला ठेवला. डॉक्टरीणबाईंना सगळं कळवलंय. उद्या सोमवार नाही, तरी मी जाणार आहे. आनंदाच्या दिवसानंतरचा दिवस कसा असतो ते मला माहीत आहे.

हे पत्र घडी करून गिरणीच्या खणात ठेवीन, चार दिवसांत पीठ बसेल त्यावर. पण एक लिहायचं राहिलंय, आणि खरं तर त्यासाठीच कागद घेतला असावा. गुरुजींनी खाली वाकून माझी कॉलर धरली तेव्हा मला तुमचा दंड आठवला. पट्टा तुटला तेव्हा तुम्ही त्याच्या जवळ होतात, मी लांब होतो. मी मागे वळून बघितलं नाही. एकदाही नाही. त्या उन्हाळ्यात तुम्ही पंधरा दिवस लांब बाह्यांचा सदरा घातलात आणि मी विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं, खांद्यापासून कोपरापर्यंत काळानिळा वळ होता, आणि तुम्ही तिला बजावलं होतं, पोराला दाखवू नको, पुढच्या वेळी पळायचा थांबंल. अण्णा, मी तुम्हाला आत सोडून पळालो होतो, आणि तुम्ही त्याचेच पेढे वाटलेत.