अडीच मिलिमीटरचं पातं

३ मार्च
पातं तुटलं! कॉम्प्रेसरच्या तिसऱ्या रांगेतलं — म्हणजे माझं. चाचणीला लावलेलं जेट इंजिन त्र्याण्णव टक्के वेगावर वीस मिनिटं छान चाललं होतं. मग धाडकन आवाज, आणि कंट्रोल रूमची काच थरथरली. फिटरकाकांनी झटकन इंधन तोडलं म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंही नाही. काका घाम पुसत म्हणाले, "ताई, तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोची एवढी आठवण आली!" सगळे हसले. मीही.

४ मार्च
तुकडे लॅबमध्ये गेले. जेवण जात नाही.

६ मार्च
सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं!

प्रत्येक पात्याची थरथरण्याची आपली एक लय असते. पुढच्या स्थिर पात्यांमधून येणारे हवेचे धक्के नेमके त्याच लयीत बसले, की पातं थरथरत थरथरत तुटतं. कुठल्या वेगाला तसं होईल हे आधी सांगणं — हेच तर माझं काम. मी सांगितलं होतं, एकशे चार टक्के. म्हणजे इंजिन कधी जाणारच नाही तिथे. पण मी पात्याची जाडी घेतली दोन पूर्णांक आठ मिलिमीटर. जुन्या ड्रॉइंगमधली. डिसेंबरमध्ये ती अडीच केली, त्याची ईमेल मला आली होती. मी ती उघडली होती!

अडीच घालून पुन्हा गणित केलं. त्र्याण्णव टक्के.

फाईल बंद केली. चहा प्यायला गेले. चहा प्यायला!

७ मार्च
चौकशीची बैठक. काकांच्या ट्रेमध्ये एक वॉशर कमी भरला. झालं, सगळ्यांनी ठरवूनच टाकलं — तो इंजिनात राहिला, पात्याला खाच पडली, तिथून तडा गेला. काका म्हणत होते, "साहेब, मी वॉशर मोजल्याशिवाय झाकण लावत नाही." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी गणितं ठीक आहेत ना?"

मान हलली. माझीच मान.

१० मार्च
काकांना घरी बसवलं. निर्णय होईपर्यंत. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "ताई, तुमच्या एवढ्या मेहनतीची मी वाट लावली." मी स्क्रीनकडेच बघत राहिले.

११ मार्च
काही लिहावंसं वाटत नाही.

१४ मार्च
काकांकडे गेले. सांगायलाच गेले होते, खरंच. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. काकूंनी खुर्ची पुसून दिली. काका सारखे आपल्या हातांकडे बघत होते. "वय झालं, ताई. तेव्हा वाटलं होतं मोजले म्हणून. आता शपथेवर नाही सांगता येत. परवा गॅस बंद केला का, ते तीनदा उठून पाहिलं." काकू आत निघून गेल्या.

तीस वर्षं हे काम केलेला माणूस. आठ दिवसांत मी त्याचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला. आणि वर त्यांच्याच हातचं पाणी पिऊन परत आले. न सांगताच.

१५ मार्च
आईला सगळं सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगतेस?"

१६ मार्च
सांगितलं. बैठकीत, सगळ्यांसमोर. दोन्ही गणितं पडद्यावर लावली. "चूक माझी आहे. सहा तारखेपासून मला माहीत आहे." कुणीतरी पेन खाली ठेवलं. साहेब एवढंच म्हणाले, "बस खाली."

दुपारी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. मग — "म्हणजे मी मोजले होते?" "हो काका. वॉशर आत राहिलाच नव्हता." "मोजले होते..." रडत होते बहुतेक. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी कामावर येतायत.

१९ मार्च
सुधारित अहवालासाठी रेकॉर्डवाल्या बाईंनी साहेबांची प्रत काढून दिली. माझ्याच गणिताचं पान. 'दोन पूर्णांक आठ'भोवती लाल गोल, शेजारी साहेबांचं अक्षर — "जुनी जाडी." सही. तारीख पाच मार्च.

बैठक सात तारखेला होती. म्हणजे "ठीक आहेत ना?" विचारलं, तेव्हा त्यांना उत्तर माहीत होतं. मी गप्प बसेन, याची त्यांना खात्री होती.