अजून एक चेंडू

मी, कौमुदी हरिश्चंद्र सरोदे, वय सत्तावन्न, मूळची जळगावची, सध्या मुक्काम सलवा, कुवेत, धंदा रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय, आणि त्याची झडप येत्या मंगळवारी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मी त्यांच्याच खात्यात नोकरी करते, त्यामुळे असे कधी म्हणतात ते मला ठाऊक आहे.

कलम १. जळगावला पिंप्राळ्यातील फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि नोकरीअखेर मिळेल ती रक्कम माझे पती हरिश्चंद्र यांना द्यावी. त्यांनी माझ्या खेळाला, म्हणजे बेसबॉलला, आयुष्यभर ‘धुणं बडवणं’ म्हटले. पण दर शुक्रवारी मला सुलैबियाच्या मैदानावर त्यांनीच नेले आणि धुळीत गाडीच्या काचा वर करून क्रिकेट ऐकत बसले. असा माणूस पुन्हा मिळणार नाही.

कलम २. दागिने मुलगी नेहा हिला. भरीत ठेचायचे लाकडी भांडेही तिलाच. इथे जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, मिळणाऱ्या वांग्यांचे भरीत होत नाही. मी वर्षानुवर्षे करून पाहिले. टोरांटोच्या वांग्यांचे तिने पाहावे.

कलम ३. माझा देह जळगावला न्यावा. कागदपत्रांचे फैसल परकार बघेल. तो दापोलीचा, खैतानमध्ये खेळाच्या सामानाचे दुकान चालवतो आणि आमचा बेसबॉल क्लबही. इथल्या सगळ्या कचेऱ्या त्याला पाठ आहेत.

कलम ४. माझे बेसबॉलचे सामान, म्हणजे जाळीचा मुखवटा, छातीचे कवच आणि पायांचे पॅड, क्लबला द्यावे. मात्र एक अट आहे. क्लबचे तीन संघ आहेत. खालच्या दोन संघांतली कोणती मुले वर न्यायची, हे ठरवताना माझे मत घेतात. मी खुर्ची टाकून मत देत नाही. मी कॅचर, फलंदाजाच्या मागे उकिडवी बसून चेंडू झेलणारी. प्रत्येक मुलाचे चेंडू मी स्वतः झेलते आणि तो थकेपर्यंत टाकायला लावते. ताज्या दमात कोणीही बरे टाकतो. थकल्यावर, एक चेंडू वाया गेल्यावर, पुढचा कसा येतो ते बघायचे असते. फैसलने वेग मोजायचे यंत्र आणले आहे. त्या यंत्राला हे दिसत नाही.

यंदा त्याचीच भाची मेहविश खालच्या संघात आहे. फैसल म्हणाला, “ताई, पोर बारकी आहे हो. वर नेली तर लोक म्हणतील, मामाची म्हणून घेतली.” मी म्हटले, “लोकांना माझ्याकडे पाठव.” त्या शुक्रवारी वारा सुटला होता, दातांत वाळू येत होती. पोरीचा हात लोंबायला लागला तरी ती म्हणाली, “आंटी, वन मोर, प्लीज.” तो चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये मधोमध बसला. मेहविशला वरच्या संघात घ्यावे. घेणार नसाल तर माझे सामान भंगारात द्या, पण क्लबला देऊ नका.

कलम ५. माझ्या शिवणाच्या डब्यातील मोजपट्टी त्या टोपीवाल्या सरांना द्यावी, जे राज्य संघाच्या निवड समितीवर होते. ते हयात नसतील तर त्यांच्या मुलाला देऊ नये, त्या बिचाऱ्याने काही केलेले नाही. कारण असे. आम्ही शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो. माझी मैत्रीण लता चेंडू टाकायची, मी झेलायचे. तिच्या हातातून निघालेला चेंडू मी डोळे मिटून झेलला असता. निवड चाचणीत सरांनी तिला तीन चेंडू टाकू दिले. तिसरा बाहेर गेला. लता म्हणाली, “सर, अजून एक टाकू?” सर वहीतून मान वर न करता म्हणाले, “उंची कमी आहे. पुढची.”

मी निवडले गेले. खेळाडूंच्या राखीव जागेतून मला एक्स-रेच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला, त्यातून नोकरी, त्यातून कुवेत. लताचे त्याच वर्षी भुसावळला लग्न झाले. इथे इतक्या देशांची मुले माझ्यासमोर उभी राहिली. सॉफ्टबॉलचा बेसबॉल झाला, चेंडू लहान झाला, टाकणाऱ्याचा हात खालून फिरायचा तो वरून फिरू लागला. पण दर वेळी ग्लोव्ह पुढे धरताना मी तिच्याच चेंडूची वाट बघत असते. मला तिची आठवण येते. मुलांचे गुण बघते म्हणतात लोक, पण निम्मे तर मी तिलाच शोधत असते.

कलम ६. माझा शाळेतला ग्लोव्ह लताला द्यावा. तो कुरियरने पाठवू नये. नेहाने तो घेऊन भुसावळला जावे, समोर उकिडवे बसावे आणि लताला चेंडू टाकायला सांगावे. ती पुरे म्हणेपर्यंत उठू नये. नेहा म्हणेल, “मम्मा, धिस इज सो अनफेअर.” म्हणू दे. माझे जे काही झाले ते लताच्या त्या चौथ्या चेंडूवाचून झाले. कोणीतरी तो झेलायला हवा.

लताचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. शाळेच्या ग्रुपमुळे सहा वर्षांपूर्वी मिळाला. रोज सकाळी ती मला सुप्रभातचे फूल पाठवते, मी तिला फूल पाठवते. खेळाचा शब्द दोघींपैकी एकीनेही काढलेला नाही. मला भीती वाटायची, ती म्हणेल, कोणता चेंडू?

ताजा कलम. सह्या व्हायच्या आहेत, साक्षीदार चहा पीत आहेत, तेवढ्यात आजचे फूल आले, जास्वंदीचे. या वेळी मी फूल पाठवले नाही. लिहिले, “लता, ग्लोव्ह अजून माझ्याकडे आहे. तुझा एक चेंडू राहिला होता.”

बराच वेळ ती काहीतरी लिहीत होती आणि खोडत होती. मग उत्तर आले: “तुझे गुडघे जागेवर आहेत का? एका चेंडूवर मी थांबणार नाही, सांगून ठेवते.”

सबब कलम ६ माझ्या मृत्यूनंतरच लागू होईल. मंगळवारी वाचले तर नेहाने जायचे नाही. मीच जाणार आहे.

सही: कौमुदी ह. सरोदे

साक्षीदार:
१. फैसल परकार, खैतान (कलम ४ वाचले. मेहविशला घेतले.)
२. सईदा मुल्ला, परिचारिका, सलवा

स्थळ: सलवा, कुवेत
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार